दोन लाइनी, एकच खड्डा

"मॅडम, नेटची लाइन गेली."

"मग दुसरीवर घे," डॉ. सबनीस म्हणाल्या.

"दोन्ही गेल्यात."

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कॅन्सर संशोधन लॅबचं नेटवर्क मी सांभाळते. काचेच्या स्लाइडवरच्या पेशींचा आम्ही स्कॅनरने फोटो काढतो. एकेक फाइल अख्ख्या सिनेमाहून मोठी. लाइन वेगवान असली की तीन शहरांतले डॉक्टर एकाच वेळी ती उघडतात, हवी ती पेशी मोठी करतात आणि मनसोक्त भांडतात. त्या दुपारी मोरिवलीच्या एका शाळकरी मुलीची स्लाइड होती. गुडघ्याजवळ गाठ. पाय काढायचा की आधी औषधं द्यायची, हे या डॉक्टरांच्या ऑनलाइन बैठकीत ठरणार होतं. तिचे वडील सकाळपासून बाहेर बाकावर बसून होते.

वार शुक्रवार, म्हणजे आमच्या एमआयडीसीची सुट्टी. कारखाने बंद, म्हणून पाण्याच्या पाइपची खोदाईही शुक्रवारीच. गेटबाहेर जेसीबीने इंटरनेटची फायबर केबल तोडली. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून आम्ही दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या होत्या. दोन्ही कंपन्यांनी त्या एकाच खड्ड्यातून आणल्या होत्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मोबाइलवरून फाइल जाईल, पण उद्या. लहान करून पाठवू?" मी विचारलं.

"धूसर फोटो बघून पोरीचा पाय कापायला सांगू?"

शेजारच्या रंगाच्या कारखान्याची लाइन मागच्या रस्त्याने, बदलापूरकडून खांबांवरून येते. त्यांचे शेठ उल्हासनगरला राहतात. फोन लावला.

"अरे बेटा, आज शुक्रवार है, लाइन तो सो रही है. ले लो! वॉचमन को बोलता हूँ."

कंपाउंडच्या भिंतीवरून वायर टाकली. आमची माहिती कुलूप लावूनच बाहेर पडते, त्यामुळे लाइन कुणाची याने फरक पडत नाही. बैठक उशिरा सुरू झाली. एक डॉक्टर स्लाइडचा एकच कोपरा पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होते. शेवटी तिघांचं एकमत झालं.

मॅडम बाहेर गेल्या. मीही गेले, राहवलं नाही.

"आधी औषधं. पाय आत्ता कापायचा नाही."

"म्हंजे पाय ऱ्हातो ना?"

"वाचवायचा पुरा प्रयत्न करणार."

उठलेले वडील पुन्हा बाकावर बसले.

आता इंटरनेट विकणारा सेल्समन आला आणि "आमची कंपनी वेगळी आहे, मॅडम" म्हणाला, की मी त्याला गेटबाहेर नेते. म्हणते, "कंपनी राहू दे. तुमचा खड्डा दाखवा."