नऊ आकड्यांचा नंबर

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणायचे. पंचवीस वर्षं ती प्रुफं तपासत होती आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिच्या नजरेतून सुटली असं क्वचितच झालं. मग चार वर्षांपूर्वी काहीतरी बिनसलं. एकच ओळ ती चार-चारदा वाचू लागली, तरी डोक्यात काही शिरेना. सकाळी दात घासायचा ब्रश हातात घेतला की त्या ब्रशाचाच संताप यायचा. ती रडत नव्हती, त्यामुळे हिला नैराश्य आलंय हे बरेच दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बाई चिडकी झालीय, वय झालं, असं म्हणून सगळे मोकळे झाले.

तीन औषधं झाली, तिन्हींनी हात टेकले. तेव्हा तिचे डॉक्टर म्हणाले की नव्या औषधांच्या चाचण्या चालू असतात, त्यांची यादी इंटरनेटवर मिळते, बघा कुठे जमतंय का. धाकटी बहीण आणि ती एकाच घरात राहत. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन घेऊन बसल्या.

यादीत पहिल्याच नावापुढे ‘भरती सुरू’ असं लिहिलं होतं. फोन लावल्यावर कळलं की ती चाचणी दीड वर्षापूर्वीच आटोपली. दुसरीकडे पन्नाशीच्या पुढचे लोक नको होते. तिसरीकडे सांगितलं की तुमची औषधं कमी झालीत, चौथीकडे सांगितलं की जास्त झालीत. वेलांटीबाईंनी फोन असा आपटला की बहिणीने तो उचलून आधी काच तपासली.

पाचवा फोन लागला. मोठ्या इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, त्वचारोग विभागाच्या शेजारी, एका अरुंद खोलीत चाचणीची समन्वयक बसायची. तिशीतली, गळ्यात ओळखपत्र, बोलायला मऊ. तिने प्रश्नावली काढली. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, असा पहिलाच प्रश्न होता. वेलांटीबाईंनी सांगितलं की उदास एकही दिवस नाही, संताप मात्र चौदाच्या चौदा दिवस. समन्वयकाने पेन थांबवलं आणि विचारलं, संताप कसला? त्यानंतरचा पाऊण तास बाईच बोलत होत्या. चार वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

बाई चाचणीच्या निकषांत बसल्या. समन्वयकाने संमतीपत्र हातात दिलं, बावीस पानांचं. घरी नेऊन निवांत वाचा, म्हणाली. काही जणांना खरं औषध मिळणार, काही जणांना नुसती पूड भरलेली कॅप्सूल, आणि कुणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नाही, हेही तिने नीट समजावलं.

बाईंनी ते लाल पेन घेऊन वाचलं. एकेक पान तीनदा वाचावं लागलं, पण वाचलं. चौथ्या पानावर आठ भेटी, अकराव्यावर नऊ. शुद्धलेखनाबद्दल तर बोलायलाच नको. आणि चौदाव्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत: जीव नकोसा वाटू लागल्यास ताबडतोब या क्रमांकावर संपर्क साधावा. बाईंनी आकडे मोजले. नऊ होते, हवे होते दहा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या इस्पितळात हजर झाल्या. आतापर्यंत किती जणांनी सह्या केल्या, असं त्यांनी विचारलं. एकोणीस, समन्वयक म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिने मुख्य डॉक्टरांना बोलावलं. ते घाईत होते. टायपिंगची चूक आहे, ते म्हणाले, मजकूर नीतिसमितीने मंजूर केलेला आहे, आणि तुम्हाला भाग घ्यायचा नसेल तर काहीच हरकत नाही, पूर्ण तुमची मर्जी.

त्या गोड शेवटच्या वाक्याने बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

“मला भाग घ्यायचाय,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर भांडतेय. ज्याला हा नंबर फिरवायची वेळ येईल, त्याच्यात दुसरा नंबर शोधायचं त्राण उरलेलं असेल का, डॉक्टर?”

बाई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी तिथेच नीतिसमितीला पत्र लिहिलं. समितीचा पत्ता एकविसाव्या पानावर होता, तो तरी धड होता.

अकरा दिवसांनी समन्वयकाचा फोन आला. एकोणीसही जणांना परत बोलावून नव्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. मग ती जरा घुटमळली. “ताई, तुम्हाला सांगायला हवं. त्यातल्या एकाने तो नंबर लावला होता. लागला नाही. त्याचा भाऊ वेळेवर घरी आला, म्हणून वाचला तो.”

बाईंनी फोन बहिणीकडे दिला. आठवड्याने जाऊन त्यांनी सही केली.

आठ आठवडे कॅप्सूल घेतली. सहाव्या आठवड्यात एका जाडजूड पुस्तकाची प्रुफं एका बैठकीत वाचून झाली, हे संध्याकाळी चप्पल घालताना त्यांच्या लक्षात आलं. चाचणी संपली, कॅप्सूल बंद झाली, आणि महिन्याभरात ओळी पुन्हा हरवू लागल्या. पुढे निकाल उघडला तेव्हा कळलं की त्यांना खरंच औषध मिळालं होतं. पण ते बाजारात यायला आणखी काही वर्षं लागणार होती. चाचणीनंतर औषध मिळणार नाही, असं सतराव्या पानावर स्वच्छ, एकही चूक नसलेल्या भाषेत लिहिलेलं होतं. ते वाचून, समजून त्यांनी सही केली होती. आता भांडायचं तरी कुणाशी, याचा त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

ज्यांना गुण आला त्यांना औषध चालू ठेवावं, असा अर्ज चाचणीच्या मुख्य डॉक्टरांनी औषध कंपनीकडे केला आहे. त्याचा मसुदा पाठवण्याआधी त्यांनी वेलांटीबाईंकडून तपासून घेतला. पाच महिने झाले, उत्तर नाही. बाई दर सोमवारी कंपनीत फोन करतात, आणि पलीकडच्या माणसाला त्यांचा आवाज आता चांगलाच ओळखता येतो.