आधी दिवा, मग कागद

डेझ्मंड हॉलरॉइडचा एकच नियम होता: आधी दिवा, मग कागद. बाहुलीघराच्या भिंतीवर वीज नेणारी तांब्याची बारीक पट्टी चिकटवायची, दिवा जोडून बघायचा, आणि तो लागला तरच वर भिंतीचा कागद डकवायचा. इंग्लंडातल्या टॉडमॉर्डन गावच्या बाहुलीघर मंडळात हे त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं, की तो दारात दिसला की बायका एका सुरात म्हणून दाखवायच्या.

मार्चमध्ये तो गेला. आता नोव्हेंबर लागला होता आणि त्याची बायको बेरिल अजून रडली नव्हती. गाव म्हणायचं, मोठी धीराची बाई. धीर कसला! दाढ काढल्यावर गाल जसा बधिर होतो, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. चहा गार झाला तरी प्यायची, गरम असला तरी प्यायची.

जेवणाच्या टेबलावर दोघांनी मिळून केलेलं बाहुलीघर होतं, त्यांच्याच घराची हुबेहूब छोटी प्रत. त्यात बाहुल्या नव्हत्या. या मंडळींत बाहुल्या ठेवणं गावंढळ समजतात. कुणीतरी आत्ताच उठून गेलंय अशी एखादी खूण ठेवायची, अर्धा प्यालेला चहा, नाहीतर खुर्चीवर चष्मा. पट्ट्या डेझ्मंड लावायचा. पट्टी जिथे पट्टीवर येते तिथे खालचा गोंद वीज अडवतो, म्हणून सांध्यावर पितळेची खिळी ठोकावी लागते. ते काम बेरिलचं, कारण डेझ्मंडची बोटं भुईमुगाच्या शेंगांसारखी जाड.

बाहुलीघरातली मागची झोपायची खोली मात्र त्याने शेवटच्या हिवाळ्यात दार लावून एकट्यानेच केली होती. “लागला का दिवा?” बेरिलने दाराबाहेरून विचारलं होतं. “लागला की. आणि भिंतीवरचे पक्षी काय सुरेख दिसतायत!”

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन होतं. म्हणून शेजारची ग्लेनिस हत्यारांची पेटी घेऊन आली, बरोबर आल्याचा केक. तिने वायर जोडली. स्वयंपाकघर उजळलं, जिना उजळला, बैठकीची खोली उजळली. मागची खोली काळीकुट्ट.

“डेझ्मंडने आणि न बघता कागद लावला?” ग्लेनिस म्हणाली. “उद्या पोप लग्न करेल. कागद सोलू या बाई. नवी पट्टी टाकते, तासाभराचं काम.”

“सोलायचा नाही.”

“अगं, दुसरा लावू की. त्याहून भारी.”

“त्याच्या हातचं हे शेवटचं आहे, ग्लेनिस.”

हे बेरिलने रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात सांगितलं. पण ग्लेनिसने सुरी पेटीत परत ठेवली.

बेरिलने हात आत घातला. खोली खोल, मागच्या बाजूला. दिसत काहीच नव्हतं. कागदाखालचा पट्टीचा उंचवटा तिने नखाने शोधला आणि तो धरून कोपऱ्यापर्यंत गेली. सांधा होता. खिळी नव्हती. पुढच्या सांध्यावरही नव्हती.

“खिळ्याच नाहीत,” ती म्हणाली. “मला हाक मारलीच नाही त्याने.”

“दिवा तर लागला म्हणाला होता ना?”

“म्हणाला होता.”

कागद तसाच ठेवून, खिळ्या दाबायच्या छोट्या दांड्याने तिने आरपार एक खिळी दाबली, मग दुसरी. दुसरीबरोबर पलंगाशेजारचा दिवा लागला, तांदळाच्या दाण्याएवढा.

ग्लेनिस वाकली आणि खदखदून हसली. “आई गं! पक्षी डोक्यावर उभे!”

खरंच होतं. लाल छातीचे पक्षी चारी भिंतींवर पाय वर करून लटकले होते. एका कोपऱ्यात कागद बोटभर तिरका गेला होता, आणि ती फट गोंदाने नुसती लिंपली होती. जो माणूस दुसऱ्याच्या घरातली वाकडी तसबीर न विचारता सरळ करायचा, त्याने हे केलं होतं. ग्लेनिसचं हसू मध्येच थांबलं.

“बेरिल, त्याला दिसत नव्हतं का?”

खिळ्यांसाठी हाक का मारली नाही, ते आता तिला कळलं. खिळ्या मारायला ती आत वाकली असती, आणि पक्षी बघितले असते. हाताने चाचपत त्याने अख्खी खोली केली होती, दिवा लागला म्हणून बिनधास्त सांगितलं होतं, आणि तिला ताकास तूर लागू दिली नव्हती.

“बदलायचा का कागद?” ग्लेनिसने हळूच विचारलं. “लोक बघतील गं.”

“बघू देत. सुरेख दिसतायत म्हणाला होता तो.”

खोलीत ठेवायची खूण तेवढी राहिली होती. आतल्या खुर्चीसाठी बेरिलने केव्हाच तारेचा इवला चष्मा करून ठेवला होता. ग्लेनिसने तो चिमट्यात धरून पुढे केला. बेरिलने तो घेतला, आणि तिचा हात आत जाता जाता थांबला. खिडकीत डेझ्मंडचा खरा चष्मा मार्चपासून तसाच होता.

“हा नको,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “काचा मळल्यात म्हणायचा गं. मी रोज पुसून द्यायचे. किती घाण करतोस, म्हणून वर बोलायचेसुद्धा.”