कॅरव्हॅन ओढणारी गाडी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल, माफ करा.

आज गल्लीत क्लच जळल्याचा वास आला आणि कतारमधल्या मेसईदचं जुन्या गाड्या विकायचं ते आवार आठवलं. थंडीत लोकांच्या कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, भाड्याने वाळवंटात ओढून न्यायच्या, म्हणून आमचे हे तिथे एक जुनं पिकअप बघत होते. ओढून बघायला कॅरव्हॅन जोडताच गाडी मागून बसली, तोंड वर झालं, निघताना क्लचचा असाच वास सुटला. थोरल्या दिरांकडून उसन्या आणलेल्या पैशांत मोठी गाडी येत नव्हती.

विकणारा म्हणाला, “भाभी, हाथी है हाथी!”

ह्यांनी जन्मात पहिल्यांदा मला विचारलं, “घेऊ का गं?”

मी होकाराची मान हलवली.

त्याच थंडीत वाळूत तिचं इंजिन गेलं. माझ्याच होकाराने बुडालो, असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं, त्यांनाही सगळं दिसलं होतं. एकट्याने ठरवायची भीती वाटत होती.

मघाशी जेवताना हे म्हणाले, “दादाचे सगळे पैसे फिटले गं आज.”