नऊ मॅगझिनांवरची काजळी

खोडाळा, पोशेरा, सूर्यमाळ आणि मधल्या समस्त पाड्यांतील लहानथोरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मॅगझिन म्हणजे रायफलच्या पोटाखाली लागणारा गोळ्यांचा डबा होय, आणि हा डबा फुटला की रायफलची लाठी होते. सदर घोषणेची सर्वांनी नोंद घ्यावी. बसलेल्यांनी उभं राहण्याची गरज नाही.

मी खोडाळ्याचा. सतरा वर्षं पायदळात काढली आणि हवालदार म्हणून घरी आलो. भरती झालो तेव्हा आमच्या हातात एसएलआर होती. तिचं मॅगझिन लोखंडी, वीस गोळ्यांचं. ते दगडावर आपटा, चिखलात बुडवा, त्यावर बसून चहा प्या, काही होत नसे. पोचा आलाच तर हातोडीचे दोन ठोके, आणि पुन्हा ड्यूटीवर. वजन मात्र असं की संध्याकाळी पट्टा सोडला की माणूस आपोआप दोन बोटं उंच व्हायचा.

मग नवी रायफल आली, फाइव्ह-फाइव्ह-सिक्स. हलकी, देखणी. तिचं मॅगझिन पॉलिमरचं. पॉलिमर म्हणजे प्लॅस्टिक, पण तसं म्हटलं की इन्स्ट्रक्टर रागवायचे. ते अर्धवट पारदर्शक होतं. खोबरेल तेलाच्या बाटलीत तेल किती उरलं ते दिसतं ना, तशा आत गोळ्या किती उरल्या ते दिसायचं. आम्ही खूष झालो. सपाटीवर आणि उबेत ते मॅगझिन उत्तम चाललं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी त्याची निंदा करणार आहे.

दोन हजार सालच्या आसपास आमच्या कंपनीला उत्तरेकडची एक पोस्ट मिळाली. उंची बारा हजार फूट. मी नायक होतो, एक सेक्शन माझ्याकडे होता. दहा माणसं, माणशी चार मॅगझिनं. माझा लान्स नायक होता लक्ष्मण, सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरचा. पलटणीत जव्हार-मोखाड्याचे आम्ही दोघंच, म्हणून तो मला चारचौघांत उस्ताद म्हणायचा आणि एकटं गाठून वाटेल ते.

पोस्टवर पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी प्यायच्या पाण्यासाठी बर्फ फोडायची पाळी त्याची आली. कुदळ टेकवून तो म्हणाला, "सूर्यमाळला पाणी नाय म्हणून मी मिलिटरीत पळालो. हितं पाणी हाय तर ते खणून काढायचं. उस्ताद, माझ्या नशिबात हंडा नाय, कुदळच हाय."

रूटीन साधं होतं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज, मग चहा, शस्त्रसफाई, गस्त, पुन्हा सफाई. उणे पंधरा-सोळा अंशांत ही प्लॅस्टिकची मॅगझिनं कडक व्हायची. दगडावर पडली की तडकायची. कधी कडेला, कधी वरच्या ओठांपाशी, जिथे गोळी धरलेली असते. तडा दिसला की मॅगझिन खाली बेसवर कोतमध्ये जमा करायचं. कोत म्हणजे शस्त्रांची खोली. प्रश्न न दिसणाऱ्या तड्यांचा होता. मॅगझिन अंगानं धड दिसायचं आणि फायर करताना उकलायचं.

एका दुपारी मी बंकरमध्ये शिरलो, तर लक्ष्मण बुखारीच्या, म्हणजे रॉकेलच्या शेगडीच्या, नळकांड्यातली काजळी खरवडत होता. ती त्यानं रायफलच्या तेलात कालवली होती आणि रिकाम्या मॅगझिनांना तो लेप देत होता. हात, नाक, कपाळ सगळं काळं.

"काय चाललंय? लग्न ठरलं का तुझं?"

"थांबा. बोलू नका. पुसू द्या."

त्यानं फडक्यानं एक मॅगझिन पुसलं. स्वच्छ. दुसरं पुसलं. त्याच्या कडेला केसाएवढी काळी रेघ राहिली. पुन्हा पुसली, गेली नाही.

लक्ष्मणचे वडील रामजीबाबा तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, बनवतात. तारप्याला वाळलेला भोपळा लागतो, आणि त्यातून वारा निसटता कामा नये. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही. म्हणून बाबा भोपळ्याला तेल-काजळी फासतात आणि पुसतात. जिथे तडा असेल तिथे काळं आत शिरतं आणि राहतं. तसल्या भोपळ्याचं ते पाणी काढायचं डवलं करतात.

आम्ही सेक्शनची चाळीसच्या चाळीस मॅगझिनं तपासली. नऊ निघाली. नऊ काळ्या रेघांची रांग लाकडी पेटीवर मांडून लक्ष्मण मागे सरला आणि नवरीमुलगी दाखवावी तसा हात केला.

ती नऊ घेऊन आम्ही दोघं बेसवर उतरलो. आता रंगमंचावर येत आहेत कोत हवालदार. अतिशय सज्जन माणूस. मिशी नियमाप्रमाणे, चष्मा नियमाप्रमाणे. त्यांनी एक मॅगझिन उजेडाकडे धरलं.

"हे काय आहे?"

"तडा," लक्ष्मण म्हणाला.

"हा डाग आहे." त्यांनी त्यावरून नख फिरवलं. "नख अडतं? नाही. मग तडा नाही. पुस्तकात काय लिहिलंय? डोळ्याला दिसला किंवा नखाला लागला तर."

"डोळ्याला दिसतोय की."

"काळं लावलंस म्हणून दिसतोय. मलाही काळं लावलं तर मीही तडकलेला दिसेन." मग ते माझ्याकडे वळले. "नायक, नऊ काढून घेतो. बदली नऊ कुठून देऊ? याच्या बापाच्या भोपळ्यांतून? नवीन माल निघालाय, रस्ता उघडला की येईल. तोवर हेच. आणि गुरुवारी सीओ साहेबांचं इन्स्पेक्शन आहे. सरकारी मॅगझिनला काळं फासलंय हे त्यांना तू समजावणार का मी?"

ती नऊ घेऊन आम्ही पुन्हा वर आलो. माझी हवालदारीची फाइल त्याच महिन्यात पुढे गेली होती.

बुधवारी दुपारी मी ऑर्डर दिली. बर्फ वितळवला, कपडे धुवायचा साबण किसला, रॉकेल घेतलं, जुने दात घासायचे ब्रश घेतले, आणि दहा जवान देशाच्या सीमेवर प्लॅस्टिकचे डबे घासत बसले. बाळू नावाचा आमचा एक जवान होता. त्यानं आईला पत्रात लिहिलं की इकडे भांडी घासायचं काम आहे, काळजी नसावी.

रेघा पटकन निघेनात. लक्ष्मण म्हणाला, "उस्ताद, राहू द्या ना. ती नऊ बाजूला ठेवू. दोरा बांधू नायतर."

"बाजूला ठेवली तर मोजणीत कमी भरतील. दोरा बांधला तर दोऱ्याचं कारण द्यावं लागेल."

"मंग द्या कारण."

"घास," मी म्हणालो.

त्यानं घासली. शेवटची दोन मीच घासली. सगळी चाळीस एकत्र झाली, सारखीच पांढुरकी. मी फॉर्मवर चाळीस सर्व्हिसेबल असं लिहून सही केली. गुरुवारी इन्स्पेक्शन झालं. साहेबांनी माझ्या सेक्शनच्या स्वच्छतेची तारीफ केली.

तीन आठवड्यांनी नवीन मॅगझिनं आली. जाड, काळपट, आरपार न दिसणारी. आधी माणशी एकच मिळालं, एका जुन्याच्या बदल्यात. रायफलमध्ये घट्ट जायचं, तळहाताचा फटका द्यावा लागायचा. आत किती गोळ्या उरल्या ते कळायचं नाही, मोजत राहावं लागायचं. पण मी ते छातीच्या उंचीवरून दगडावर सोडलं, तीन वेळा. काही झालं नाही. लक्ष्मणनं माझ्या नकळत त्यालाही काजळी फासली. मग माझ्यासमोर आणून म्हणाला, "हा वाजंल."

चौथ्या दिवशी आमची गस्त निघाली. सकाळी साडेसहा वाजता, आठ जण. नाल्याच्या पलीकडची वाट तपासून दुपारी परत यायचं होतं. सव्वाआठ वाजता वरच्या खडकांतून फायर आला. पहिल्याच झटक्यात बाळूच्या मांडीला गोळी लागली. तो नाल्याच्या उघड्या पात्रात पडला.

"अल्फा वन फॉर अल्फा. कॉन्टॅक्ट. एक वूंडेड. कव्हर देऊन बाहेर काढतोय. ओव्हर."

"अल्फा. रॉजर. क्यूआरटी निकल रही है. चालीस मिनट. ओव्हर."

मी पाच जणांना बाळूकडे पाठवलं. दोघं ओढायला, तिघं बाजूनं. कव्हरला मी आणि लक्ष्मण थांबलो. मी डाव्या खडकामागे, तो उजव्या. आमच्यात दहा पावलं बर्फ.

मी भरवशाचं नवं मॅगझिन आधी लावलं होतं. ते बिनतक्रार रिकामं झालं. मग जुनं काढलं. चढवताना हात खडकाला लागला. लागला म्हणजे नुसता घासला. मॅगझिन कडेनं उभं उकललं, स्प्रिंग सुटली आणि गोळ्या बर्फात गेल्या. दुसरं जुनं लावलं. सहा राउंड गेले आणि रायफल थांबली. वरचा ओठ तुटला होता, गोळी तिरकी अडकली होती. तिसरं माझ्या मागच्या पाऊचमध्ये होतं. ते काढायला मला कुशीवर वळावं लागलं असतं, आणि बाळूला ओढणारे अजून पात्राच्या मध्यावर होते.

मी ओरडलो, "स्टॉपेज."

लक्ष्मणनं उलटा हिशेब केला होता. त्यानं आधी जुनी मॅगझिनं संपवली आणि नवं शेवटाला राखलं. सूर्यमाळला नागलीचं बियाणं शेवटपर्यंत कुणी खात नाही, तसं. त्याची दोन जुनी संपली होती, तिसरं रायफलमध्ये होतं. त्यानं पाऊचमधून नवं काढलं आणि बर्फावरून माझ्याकडे सरकवलं.

"उस्ताद, घ्या. ह्याला बगितलंय मी."

मी घेतलं. अडकलेली गोळी काढली, मॅगझिन लावलं, फटका दिला. वीसच्या वीस राउंड गेले. बाळू खडकामागे पोहोचला. आठ चाळीस झाले होते.

लक्ष्मण रिकामा झाला होता. माझ्या मागच्या पाऊचमध्ये एक जुनं भरलेलं आहे हे मी त्याला ओरडून सांगितलं. मी कुशीवर वळून ते काढेपर्यंत तो ते घ्यायला माझ्याकडे निघाला. दहा पावलांतली सहा आला.

"अल्फा वन फॉर अल्फा. वूंडेड बाहेर आला. एक..."

"अल्फा वन, से अगेन. ओव्हर."

"एक माणूस गेला. ओव्हर."

क्यूआरटी, म्हणजे मदतीची तुकडी, आठ पंचावन्नला पोहोचली. वरचे पळाले होते. बाळू आज चालतो, थोडा लंगडतो. लक्ष्मणची तिन्ही जुनी मॅगझिनं मी स्वतः काढून बघितली. तिन्ही रिकामी होती आणि तिन्ही धड होती. नऊतली किमान दोन माझ्या वाट्याला आली होती. पुढच्या यादीत मी हवालदार झालो.

लक्ष्मणला घरी आणलं तेव्हा मी पोस्टवरच होतो. पेन्शन घेऊन आल्यावर सूर्यमाळला गेलो. रामजीबाबांनी बसायला घोंगडी दिली आणि कोरा चहा दिला. पोरगा कसा गेला ते विचारलं. लढताना गेला, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला आश्रमशाळेत झेंडावंदन झालं की मी भाषण करतो. भाषण म्हणजे काय, प्रयोगच असतो. चष्मा नाकावर घसरवून मी कोत हवालदार करतो, बुखारी करतो, बाळूच्या आईचं पत्र वाचून दाखवतो. पोरं लोळतात. टेबलावर लक्ष्मणचा हार घातलेला फोटो असतो. मागच्या भिंतीला टेकून रामजीबाबा बसतात. सूर्यमाळहून चालत येतात. हसत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत, संपलं की फोटोला हात लावून निघून जातात.

इतकी वर्षं काजळीचा भाग मी वगळत आलो होतो. भांडी घासल्यासारखी मॅगझिनं घासली एवढंच सांगायचो. या वर्षी मला वाटलं, बाबांची विद्या बारा हजार फुटांवर पोहोचली होती हे गावाला कळायला हवं. म्हणून सगळं सांगितलं. भोपळा, काजळी, नऊ रेघा, कोत हवालदार, साबण, ब्रश. पोरं हसून हसून एकमेकांवर पडली. मग नाला सांगितला. माझी दोन मॅगझिनं फुटली ते सांगितलं, लक्ष्मणनं त्याचं चांगलं मॅगझिन मला दिलं ते सांगितलं. मी फोटोला कडक सॅल्यूट ठोकला. मास्तरांनी टाळ्या सुरू केल्या, सगळ्यांनी धरल्या.

टाळ्या थांबल्यावर रामजीबाबा भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादा कारागीर दुसऱ्याला कामातलं काही न समजून विचारतो, तसे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"मंग ते काळं पुसलंस कशाला?"