पत्त्याची दुसरी ओळ

रंगाच्या दुकानातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरचं फक्त मावशीशी पटायचं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊस नावालाही नाही. गिऱ्हाईक आलं की मालक हाक मारायचे, "मावशी, तुमच्या लाडक्याला विचारा, यांनी मागे बैठकीला कोणता रंग नेला होता?" मावशी दोन बोटांनी खडखड करायची आणि सांगायची.

कोणी रंगारी मागितला, की नंबरही ती तिथूनच द्यायची.

पत्त्याला दोन ओळी होत्या. दुसरी बहुतेक रिकामी. मावशीला रिकामं काही बघवत नसे. तिथे ती खुणा लिहून ठेवायची. 'नेलेला रंग परत आणतो.' 'बायको सोबत असेल तरच दाखवणे.' वाचणार कोण? त्या पडद्यात दुसरं कोणी डोकावतच नव्हतं.

मग मालकांनी तिच्याच भाचीला बोलावलं. पोरीने आठवडाभर त्या डबड्याशी झटापट केली आणि सगळी माहिती बाहेर काढली.

"आता ज्याला त्याला आपली जुनी खरेदी फोनवर दिसणार. मावशी, तुझी खडखड संपली."

"पत्त्याची दुसरी ओळसुद्धा?"

"सगळं. एक अक्षर सांडू दिलं नाही."

मावशीने सवयीने दोन बोटं पुढे नेली, पण काळा पडदा बंद होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच इथूनच रंग नेणारे जुने रंगारीकाका आले. फोन काउंटरवर ठेवत म्हणाले, "ताई, माझ्या पत्त्यात हे काय आलंय? नातीने वाचलं, पण मला पटेना. तुम्ही वाचा."

मावशीने वाचलं. "हात थरथरतात. मोठं काम सांगू नये."

"कोणी लिहिलं?"

"मी." तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. "तुमच्या हातून इथे डबा सांडला होता ना, तेव्हा."

"ताप होता हो मला त्या दिवशी."

मावशीने फोन पालथा करून त्यांच्याकडे सरकवला.

"तरीच," काका म्हणाले. "दुकानातून कामं यायची बंदच झाली. बायको म्हणायची, तुमच्या हातात सफाई राहिली नाही. मलाही तसंच वाटायला लागलं."

भाची मधे पडली. "काका, मिनिटात पुसते."

"पूस की," मावशी म्हणाली, "पण गेलेली कामं कुठून आणशील?" मग घाईघाईने काकांकडे वळली. "कालच फोन आलाय. दुमजली घर, आतून-बाहेरून. अजून कोणाचं नाव दिलेलं नाही. तुमचंच देते."

काकांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. शेजारच्या रिकाम्या डब्याचं झाकण बारीक वाजायला लागलं.

"नको, ताई. आता खरंच थरथरतात." त्यांनी हात खिशात घातले. "एक छोटा ब्रश द्या. घरच्या खिडकीपुरता."

मावशीने ब्रश कागदात गुंडाळला, दोरा घेतला. गाठ काही बसेना. पुन्हा घातली, पुन्हा सुटली.

काका बघत होते.

"असू दे, ताई," ते म्हणाले. "तसाच द्या."