पेटीत राहिलेली घडी

भांडी विसळता विसळता वहिनीने विचारलं, "काकांचं माझ्या पोटातल्या बाळाला येईल का गं?"

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. तरुणपणी त्यांना स्किझोफ्रेनिया झाला. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू यायचे. आता औषधांवर ते ठीक असतात. हडपसरला आमच्याबरोबर राहतात आणि गायन पार्टीत पेटी वाजवतात. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे आईच्या गुडघ्यापासून कुंडीतल्या किडीपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. सेमिनारसाठी मी हाच आजार घेतला होता, तरी मी "नीट वाचून सांगते," एवढंच म्हणाले.

आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत, काकांनी ते ऐकलं असणार. संध्याकाळी काका आईला म्हणाले, "डोहाळजेवणाला पेटी नको. मी त्या दिवशी खडकवासल्याला जाईन म्हणतो."

"कशाला?"

"कणसं खायला."

वहिनीने मान खाली घातली. डोहाळजेवणात काकांनी वाजवावं, हा हट्ट तिचाच होता.

रविवारी मी घरच्यांसमोर सेमिनारची तालीम केली. स्लाइड इंग्रजीत. आई मेथी निवडत होती, वहिनीला जांभया येत होत्या. कोपऱ्यातून काका म्हणाले, "प्राध्यापक, आम्हाला कळेल असं काही आहे का त्यात?"

मी घाबरत त्यांची पेटी पुढे ओढली. "समजा, पट्ट्या म्हणजे जनुकं. आईवडिलांकडून मिळालेली. आता एखादी पट्टी दाबलीच गेली नाही तर…" मी कपड्यांचा चिमटा उचलला.

"चिमटा नको, ओरखडे पडतील," काका म्हणाले आणि त्यांनीच कागदाची घडी करून वरच्या सप्तकातल्या एका पट्टीखाली सरकवली. पट्टी दबेना.

"पट्टी आहे, पण वाजत नाही. पेशीतही अशा घड्या बसतात, रसायनांच्या. एकीला मिथाइल म्हणतात. ताण, उपासमार, नशा, अशा जगण्यातल्या गोष्टींनी त्या बसू शकतात. काही निघतातही. कदाचित म्हणूनच एकसारख्या जुळ्या भावांची जनुकं सारखी असली, तरी कधी एकालाच हा आजार होतो."

"म्हणजे बाळाला नाही होणार?" वहिनीची झोप उडाली होती.

"तसं छातीठोक नाही सांगता येत. चुलत आजोबांचं नातं लांबचं, त्यामुळे शक्यता इतरांपेक्षा थोडीशीच जास्त. आणि आधी घड्या की आधी आजार, हेही अजून नक्की कळलेलं नाही."

एवढं अर्धवट उत्तर दिल्याचं मला वाईट वाटत होतं. वहिनीने थोडा विचार केला आणि काकांकडे वळली. "मग कणसं नंतर कधीतरी खा. मला पेटी पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून काकांचा रियाज सुरू झाला, पण गाणाऱ्या मावशी नव्हत्या म्हणून खालच्या सप्तकातच.

डोहाळजेवणाला आळीतल्या सगळ्या बायका आल्या. बुद्धवंदना झाली. हिरवी साडी, फुलांचे दागिने घालून वहिनी बसली. काकांनी सुरुवात छान केली. गाणं वर चढलं आणि पेटी एकदम मुकी झाली. गाणाऱ्या मावशी थांबल्या. काकांनी पुन्हा तीच ओळ घेतली, पुन्हा तिथेच अडले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काका खाली बघत होते. आता हे उठून जाणार, असं मला वाटलं.

त्यांनी वाकून पट्टीखालून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "प्राध्यापक, तुमचं मिथाइल आतच राहिलं."

आधी फक्त आमचं घर हसलं. मग काही न कळताही बायका हसल्या. वहिनी तर पोट धरून हसत होती.

"अगं, जरा हळू," आई म्हणाली.

वहिनीने डोळे पुसले. "काका, पहिल्यापासून घ्या."

या वेळी ती पट्टी वाजली, जरा जास्तच मोठ्याने.