साल राहून गेलं

मेल न जाण्यासारखा डोक्याला ताप दुसरा नाही. लाईट गेली तर निदान अख्ख्या गल्लीची जाते, सोबतीनं शिव्या घालता येतात. मेल अडतो तो आपला एकटीचा. शेजारीपाजारी सगळे मजेत असतात आणि आपण स्क्रीनसमोर दातओठ खात बसतो.

त्या दुपारी मला पुण्याच्या एका कंपनीला ड्रॉइंग पाठवायचं होतं. इमारतींच्या वायरिंगची ड्रॉइंगं मी पिपरी मेघेतल्या आमच्या घरी बसूनच करायची, याच कंपनीच्या कंत्राटावर. हे मात्र परीक्षेचं होतं. संध्याकाळी पाचच्या आत पोचलं आणि पसंत पडलं, तर पुण्याच्या ऑफिसात कायमची नोकरी. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते ‘चांगलं हाये’ म्हणाले आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

ड्रॉइंग पूर्ण झालं, मेल उघडला, तर समोर चौकट: सर्व्हरचं सुरक्षा सर्टिफिकेट ग्राह्य नाही. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. पलीकडे तोच आहे, कोणी तोतया नाही, याची खात्री आपला कम्प्युटर त्यावरून करून घेतो आणि मगच दार उघडतो. आमचा कम्प्युटर दार उघडेना. कंपनीचा मेल फोनवर घ्यायची परवानगी नव्हती आणि बाहेरच्या पत्त्यावरून आलेलं ते लोक उघडूनही बघत नसत. चौकट बंद केली की पुन्हा यायची, लग्नाच्या पंगतीत नको म्हटलं तरी वाढणाऱ्या माणसासारखी.

कंपनीच्या मदत-नंबरवर फोन लावला. पलीकडचा पोरगा फार गोड बोलत होता. अशा वेळी गोड बोलणाऱ्यांचा मला जास्त राग येतो.

“मॅडम, रिस्टार्ट करून पाहिलंत?”

“पाहिलं.”

“अँटिव्हायरस बंद करून बघा ना.”

तेही केलं. खातं काढून पुन्हा घातलं, सर्व्हरचं नाव अक्षर न् अक्षर तपासलं, पोर्टचा नंबर बदलला, पुन्हा होता तसा केला. शेवटी त्यानं मला ते सर्टिफिकेटच उघडायला लावलं. कधीपासून कधीपर्यंत चालेल ते त्यात लिहिलेलं असतं. मी वाचून दाखवलं. मुदत चांगली पुढच्या वर्षापर्यंत होती.

“मग बरोबर आहे की,” तो म्हणाला.

“बरोबर आहे तर चालत का नाही?”

“तेच तर,” तो म्हणाला, जणू काही त्यानं निदानच केलं. “घड्याळ नीट आहे ना मॅडम तुमचं?”

मी कोपऱ्यात पाहिलं. आमच्या जुन्या कम्प्युटरवर तिथं नुसती वेळ दिसायची. मिनिटाचाही फरक नव्हता. चार वाजून गेले होते आणि ते मला त्यानं सांगायची गरज नव्हती. मी फोन ठेवला.

ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घ्यावं, कोणाच्या तरी दुकानात जावं, असं काहीतरी डोक्यात आलं. म्हणून ते पुन्हा एकदा सेव्ह केलं आणि शोधायला लागले. नुकतं सेव्ह केलेलं सगळ्यात वर असायला हवं. ते सगळ्यात खाली होतं, जुन्यात जुन्या फाइलींच्याही खाली. शेजारी तारीख होती. दिवस आजचा, महिना आजचा, साल माझ्या जन्माचं.

म्हणजे कम्प्युटरच्या हिशेबानं मी अजून पाळण्यात होते आणि ते सर्टिफिकेट जन्मालाच यायचं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि या घरात कम्प्युटरला हात लावणारं माझ्याशिवाय एकच माणूस होतं.

“बाबा!”

बाबा हात पुसत आले. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर पत्रिकांचा नाद लागला, आणि कोणीतरी त्यांना कुंडलीचं सॉफ्टवेअर आणून दिलं, तेही फुकटातलं.

“तारखेले हात लावला तुमी?”

“लावला होता,” ते शांतपणे म्हणाले. “ते डेमो हाये न. त्याच्यात फक्त आजचीच कुंडली निघते. मंग म्हटलं, आजच बदलून टाकू.”

गाडी बंद पडली तर रस्त्यात सापडेल त्या तारेनं बांधून डेपोपर्यंत आणणारा हा माणूस. त्याच्यापुढे डेमो काय टिकणार?

“मंग वापस नाई लावली काऊन?”

“लावली न. दिवस लावला, महिना लावला, टाइम लावला.” त्यांनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं. “साल राह्यलं असन.”

साल राह्यलं असन! माझ्या नोकरीची वेळ टळत होती आणि यांचं साल राहिलं होतं. मी खूप बोलले. या वयात हे धंदे कशाला, कोणाकोणाची लग्नं जुळवता, निदान माझ्या कामाच्या मशीनवर तरी नको, असं बरंच काही. ते ऐकून घेत उभे राहिले. मग माझ्या लक्षात आलं की साल माझं होतं.

“माही कुंडली काढली? कायले?”

“पुण्याले जाशीन का नाई, ते पाहून राह्यलो होतो.”

“मंग? काय निघालं?”

बाबा टेबलाला टेकले. “पोरगी दूर जाते, असं निघालं. म्हटलं, जन्माची वेळच चुकली असन, दवाखान्यातली घडी मागं असन. मंग पाच मिनटं इकडं, पाच मिनटं तिकडं करून पाह्यलं.”

“मंग?”

“दरखेपी तेच निघते.”

राग गेला नव्हता, पण तो आता कोणावर काढावा ते कळेना. मी साल नीट केलं, मेल उघडला. एकही चौकट आली नाही. ड्रॉइंग जोडलं आणि माझा हात तिथंच थांबला.

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“पाठव न वं,” ते म्हणाले. “पाच वाजून राह्यले.”